लिमयेबाईंची लाल रेघ

मला आता कमी बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते.

आधी वाटायची नाही. आधी मला ती माणसं आवडायची. मी यवतमाळची. आमच्याकडे माणूस पाणी मागायच्या आधी पाच मिनिटं घरच्यांची चौकशी करतो. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराला विचारलं, "ह्यात दुसरा रंग आहे का हो?" तो म्हणाला, "असता तर ठेवला असता." मी बाहेर येऊन हसत सुटले. एका वाक्यात विषय संपवतात ही माणसं, असं आईला फोन करून सांगितलं. पुढे लिमयेबाई भेटल्या. त्या तीन शब्दांत संपवायच्या.

का संपवायच्या, हे मला सहा वर्षं कळलं नाही. आमच्या प्रदूषणविरोधी गटासाठी मी धुरावर आणि धुळीवर पत्रकं लिहिते. फुप्फुसं, श्वसनमार्ग, दमा हे माझे रोजचे शब्द. तरी कळलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणावर ओरडले तर त्या रांगेत पहिली मी आहे हे लक्षात राहील.

शैला लिमये नारायण पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायच्या. वय साठीच्या जरा अलीकडे. शिडशिडीत, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. खांदे कायम थोडे वर उचललेले, समोरचा आत्ताच काहीतरी बावळट बोलला असावा तसे. छापखाना बोळाच्या टोकाला, दोन खोल्यांचा. पुढे मशिन, मागे कागदाची रिमं आणि कटिंग, मधल्या खिडकीशी बाईंचं टेबल. शाईचा वास, रोलर पुसायच्या रॉकेलचा वास, आणि हवेत सतत कागदाचा भुगा. दमा असलेल्या माणसानं बसू नये अशी जागा शोधायला सांगितली असती, तर मी तेच टेबल दाखवलं असतं. आज दाखवलं असतं. तेव्हा मी त्याच टेबलावर चहा पीत बसायचे.

पहिल्यांदा गेले ती वाघोलीचं पत्रक घेऊन. आम्ही राहतो तिकडे मोकळ्या प्लॉटांवर कचरा जाळायचे, अजूनही जाळतात. मी रात्रंदिवस खपून मजकूर लिहिला होता आणि मला तो जळजळीत वाटत होता. छापखान्याचे मालक विनायककाका म्हणाले, "बाईंना दाखवा आधी. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी काही छापत नाही."

बाईंनी कागद घेतला, डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "वाघोली परिसरातील मोकळ्या भूखंडांवर दररोज पहाटे बेकायदेशीरपणे जाळल्या जाणाऱ्या कचऱ्यामुळे निर्माण होणाऱ्या विषारी धुराचा…" तिथे थांबल्या. लाल पेनानं त्या शब्दानंतर एक उभी रेघ मारली.

"इथे श्वास संपला," म्हणाल्या. "तुझं वाक्य अजून वाघोलीतच आहे."

"पण मुद्दा महत्त्वाचा आहे, बाई."

"असेल. पत्रक उभ्यानं वाचतात. बस येत असते. एका श्वासात मावेल तेवढंच लिही."

ही त्यांची पद्धत. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचं, एका श्वासात. जिथे श्वास संपेल तिथे लाल रेघ. रेघेच्या पुढचं तोडायचं किंवा नवं वाक्य करायचं. वाचताना डावं बोट वर. ते खाली येईपर्यंत छापखान्यात कुणी बोलायचं नाही. फोन वाजला तरी वाजू द्यायचा. गिऱ्हाईक आलं तरी उभं राहायचं. एकदा एक नगरसेवक येऊन त्या बोटासमोर उभा राहिलेला मी पाहिला आहे. विनायककाका त्याला खुणेनं सांगत होते, थांबा, वाक्य व्हायचंय.

त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. दारात दिसले की म्हणायच्या, "या, आंदोलन."

त्यांच्या तोडून बोलण्याचं आम्हाला फार कौतुक. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन एक काका आले होते. सहकुटुंब, सहपरिवार, आपल्या शुभाशीर्वादांची फुले, सगळं भरलेलं. बाईंनी वाचलं, चार ठिकाणी रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "या, जेवा. एवढंच ना?" ते काका रागावले आणि पुढच्या वर्षी धाकट्या मुलीची पत्रिका घेऊन परत बाईंकडेच आले. दुसरा एकजण दारातून म्हणाला, "एक विचारू का?" बाई म्हणाल्या, "विचारलंत." विनायककाका ही वाक्यं जमवून ठेवायचे आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांना ऐकवायचे. "काय तोडतात बाई!" असं म्हणताना त्यांचा चेहरा फुलायचा. माझाही फुलायचा. माझं वऱ्हाडी "मी सांगून राहिले होते" कधी तोंडून निघालं की बाई म्हणायच्या, "बोल. पत्रकात राहू नकोस."

पुण्यात तुटक बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला काही होतंय का. त्याला दाद देतात. दुसऱ्या कुठल्या गावात एखादी बाई तीन शब्द बोलून गप्प बसली असती, तर कुणी पाणी दिलं असतं, पाठीवर हात ठेवला असता. आमच्या आईनं तर हमखास विचारलं असतं, काहून बोलून नाही राहिल्या बाई? आम्ही टाळी दिली.

बाईंबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत जायची मला सवय होती. तीस-चाळीस पावलांवर त्या थांबायच्या आणि एखाद्या पाटीकडे बघायच्या. "थांब. 'दुरुस्ती'चा रु बघ." मग पुढे. परत थांबायच्या. "हे 'आर्शिवाद'. दोन चुका. दोन्ही घरमालकाच्या." मी हसायचे. दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागायचा आणि मला वाटायचं, मुद्रितशोधकाचा जीव आहे, चूक दिसली की पाय उचलत नाही. शेवटच्या वर्षी एकदा त्या एका सायकलच्या दुकानापुढे थांबल्या. पाटीवर फक्त दुकानाचं नाव, दोन शब्द, दोन्ही बरोबर. बाई बघतच होत्या. एक हात भिंतीला.

"काय चुकलंय, बाई?" मी विचारलं.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "शोधते आहे."

मी ते वाक्यसुद्धा विनायककाकांना हसत हसत सांगितलं.

त्यांना दमा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. हेच जास्त भयंकर आहे. चष्म्याच्या जुन्या डबीत त्या निळा पंप ठेवायच्या. गरज लागली की उठून रिमांच्या मागे जायच्या, तिथून दोनदा फुस्स असा आवाज यायचा, मग त्या पदर सारखा करत परत यायच्या. कुणी काही बोलायचं नाही. माणूस मोरीत जातो तेव्हा आपण दुसरीकडे बघतो, तसे आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. ह्याला आम्ही सभ्यपणा म्हणत होतो.

मग आमच्या गटानं दम्यावर पत्रक काढायचं ठरवलं. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मुद्दे दिले, मी लिहून काढलं आणि बाईंकडे नेलं. बाईंनी बोट वर केलं. पहिलंच वाक्य होतं, "थोडा दमा असं काही नसतं."

बोट खाली आलं. बाईंनी ते पूर्ण वाक्य खोडलं.

"का?" मी म्हटलं.

"अतिशयोक्ती."

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय. सौम्य दमा असलेला माणूससुद्धा एका झटक्यात…"

"मला आहे. थोडा. तीस वर्षं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जिवंत दिसतेय ना?"

विनायककाका मशिनमागून हसले. मी पण हसले.

खालचा एक मुद्दा होता, रोजचा पंप बरं वाटलं तरी बंद करू नका. मी विचारलं, "बाई, तुम्हाला रोजचा दिलाय का? निळा नाही, दुसरा?"

"दिलाय. कपाटात आहे."

"मग घेत का नाही?"

"आग नसताना बंब बोलवायचा?" थोडं थांबून म्हणाल्या, "रोज घ्यायला मी काय आजारी आहे? सवय लागते."

माझ्या हातात कागद होता. त्या कागदावर, माझ्याच शब्दांत, उत्तर लिहिलेलं होतं. दमा म्हणजे नुसता येऊन जाणारा झटका नव्हे. आतल्या नळ्या रोज सुजलेल्या असतात, झटका नसतानाही. निळा पंप नळी तेवढ्यापुरती उघडतो, सूज तशीच ठेवतो. रोजचा पंप सूज उतरवतो, पण हळूहळू, आणि घेतल्याबरोबर काही जाणवत नाही, म्हणून माणसाला तो फुकटचा वाटतो. निळ्यानं लगेच मोकळं वाटतं आणि माणूस निळ्यावर विश्वास टाकून बसतो. तो जितका वारंवार लागायला लागतो, तितकी आग आत पसरलेली असते. हे सगळं मी घरोघर वाटणार होते. वाघोलीत वाटलं. हडपसरच्या मंडईत माणसांना थांबवून थांबवून हातात दिलं. समोर बसलेल्या बाईला मी म्हटलं, "बरं, खोडते ते वाक्य."

आणि खोडलं. आमचं दम्यावरचं पत्रक त्या वाक्याशिवाय छापलं गेलं.

त्याच पत्रकात खाली आणखी एक वाक्य होतं. "बोलताना एक वाक्य एका श्वासात पूर्ण करता येत नसेल, तर तो जीवघेणा झटका असू शकतो, वाट न पाहता रुग्णालयात जा." बाईंनी बोट वर केलं आणि वाचलं. "बोलताना एक वाक्य एका…" रेघ. "श्वासात पूर्ण करता…" रेघ. "येत नसेल, तर तो…" रेघ. असं शेवटपर्यंत. मग सगळं खोडून समासात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: बोलता येत नाही? वाट पाहू नका. रुग्णालयात जा.

"आता बरं झालं," म्हणाल्या.

खरंच बरं झालं होतं. त्या पत्रकाचं फार कौतुक झालं. गटातल्या सगळ्यांनी सांगितलं, तुझी भाषा काय धारदार झाली आहे.

बाई गेल्यावर मी माझी फाइल काढली. त्यांनी तपासलेलं प्रत्येक प्रूफ मी ठेवलं होतं, सहा वर्षांचं. ओळीनं जमिनीवर मांडले कागद. पहिल्या पत्रकात पहिली लाल रेघ चौदाव्या शब्दानंतर आहे. पुढच्या वर्षीच्या कागदावर अकराव्या. मग नवव्या. मग सातव्या, सहाव्या. दम्याच्या पत्रकावर चौथ्या. पाय दुमडून मी त्या कागदांसमोर बसले होते आणि शब्द परत परत मोजत होते. एका माणसाचा श्वास सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आखडत होता, लाल शाईत, तारखांसकट, आणि मी तो घरी नेऊन फाइलला लावत होते. मला वाटत होतं माझी शैली सुधारते आहे. आत्तासुद्धा मी जी लहान लहान वाक्यं लिहिते आहे ना, ती माझी नाहीत.

त्या गेल्या तो दिवस डिसेंबरातला होता. सकाळचे दहा. थंडी होती आणि बोळाच्या तोंडाशी कुणीतरी पालापाचोळा, त्यात प्लास्टिक, असं पेटवून शेकत बसलं होतं. मी त्यांच्याशी भांडूनच आत आले. "या, आंदोलन" ऐकू आलं नाही. बाई टेबलाशी होत्या, दोन्ही हात टेबलावर रोवून, पुढे झुकलेल्या. त्यांच्या छातीतली शिट्टी मला दारात ऐकू आली. शिट्टी म्हणजे काय, मांजर पिंजऱ्यात अडकल्यासारखा आवाज.

"सकाळपासून आहे," विनायककाका हळू म्हणाले. "मी म्हटलं घरी जा. ऐकतात का?"

"डॉक्टरकडे जाऊ या का, बाई?"

त्यांनी मान हलवली. नाही. रिमांच्या मागे गेल्या. फुस्स, फुस्स. आल्या. थोड्या वेळानं परत गेल्या. मग तिसऱ्यांदा. मी प्रुफाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला होता. हो, ठेवला होता. मला दुपारी पत्रक हवं होतं.

साडेदहाच्या सुमाराला शिट्टी थांबली.

विनायककाकांनी मशिन बंद करून कान दिला. "उतरलं बघ," म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. माझाही झाला. "चहा सांगतो," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन चहा सांगून आले.

इथे मी हात जोडून सांगते, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला. शिट्टी थांबली आणि माणूस मोकळं बोलायला लागला, तर बरं वाटलं म्हणा. शिट्टी थांबली आणि माणूस गप्प झाला, तर धावा. शिट्टी वाजायलासुद्धा आत हवा जावी लागते. हवा जायची थांबली की आवाज थांबतो. आम्ही ज्या शांततेत चहा सांगितला, त्या शांततेत बाई गुदमरत होत्या.

चहा आला. बाईंनी घेतला नाही. त्यांचे ओठ मला शाई लागल्यासारखे वाटले. छापखान्यात वाटणारच. त्यांनी लाल पेन उचललं, माझ्या प्रुफाच्या समासात काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मला वाटलं दुरुस्ती आहे. मी ओळीत तो शब्द कुठे बसतो ते शोधायला लागले. समासात एकच शब्द होता. रिक्षा.

तो शब्द कळायला मला किती वेळ लागला, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. फार नाही. पण लागला.

मग आम्ही पळालो. मी बोळातून रिक्षा आणायला, काका बाईंना धरून. ॲम्ब्युलन्सचा नंबर माझ्याच पत्रकावर छापलेला होता आणि तो मला आठवला नाही. रिक्षात बाई ताठ बसल्या होत्या, आडव्या व्हायला तयार नव्हत्या. गळ्याच्या खालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मी मूर्खासारखी विचारत होते, "बाई, बरं वाटतंय ना? बाई, बोला ना." सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी बाहेर बघितलं. समोर पाटी होती. ती त्यांनी वाचली की नाही, मला माहीत नाही.

दुपारी एकच्या आत त्या गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, रोजचं औषध चालू होतं का. काका म्हणाले, "थोडाच दमा होता हो त्यांना." ते असं म्हणाले तेव्हा मी खाली बघितलं. ते वाक्य खोडायला मी हो म्हटलं होतं.

आता पत्रकात ते पहिलं आहे. थोडा दमा असं काही नसतं. कुणी अतिशयोक्ती म्हटलं तर मी भांडते. आणि माणसांचं बोलणं ऐकत असते, बसमध्ये, रांगेत, मीटिंगमध्ये. कोण मधेच थांबतं, कोण मान हलवून काम भागवतं. परवा आईचा फोन आला. "बरी आहे. ठेवते," म्हणाली. मी म्हटलं, "ठेवू नको. आज काय काय स्वयंपाक केलास ते सगळं सांग, न थांबता." तिनं सांगितलं, दोन भाज्या, वरण, भाकरी, वर शेजारणीची तक्रार, एका दमात. मी फोन कानाला धरून तिचे श्वास मोजत होते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते इमर्जन्सीच्या दारात. स्ट्रेचरवर बसवलेल्या, तोंडावर मास्क. एक तरुण डॉक्टर बरोबर पळत होती. तिनं विचारलं, "कधीपासून होतंय? रोज कुठलं औषध घेता?" बाईंनी एका हातानं मास्क बाजूला केला आणि दुसऱ्या हाताचं, डाव्या हाताचं, पहिलं बोट वर केलं.

आणि मी थांबले. सहा वर्षांची सवय. मी तर नर्ससमोर हात आडवा धरला. म्हटलं, "थांबा, त्या बोलताहेत."

नर्सनं माझा हात बाजूला केला, मास्क परत तोंडावर दाबला आणि स्ट्रेचर आत ढकललं. बाई माझ्याकडे बघत होत्या. दार झुलत बंद झालं तोवर ते बोट खाली आलं नव्हतं.